शेरा

खडू लावलेली पोलादी फीत विहिरीत सोडायची,
भिजल्याचा अंदाज आला की वर ओढायची,
आणि खडू जिथे गडद झाला
तो आकडा लिहायचा.
अकरा वर्षं हेच माझं काम.
बावधनपासून पाषाणपर्यंत, रामनदीच्या दोन्ही काठांना
सव्वीस विहिरी. आता एकोणीस.
सात बुजल्या; एकीवर क्लबहाउस आहे,
तिथे कॅरम खेळतात.

वहीत रकाने चार:
तारीख, विहीर, पाण्याची खोली, शेरा.
शेरा बहुतेक रिकामाच.

नवा होतो तेव्हा वाटायचं
नदी वरून जाते, पाणी खाली असतं,
दोघांची ओळख नाही.
चांगुणाबाई दगड्यांना हे बोलून दाखवलं, तर त्या हसल्या.
डिसेंबर, सकाळचे साडेसहा,
त्या गुडघाभर पाण्यात उभ्या, गोधडी आपटत.
"पायताण काढ. हितं न्हाय, त्या जांभळापाशी पाय घाल."
घातला.
वरचं पाणी हाडं फोडत होतं
आणि तळव्याखाली, वाळूतून,
कुणी नुकतंच उठून गेलेल्या अंथरुणाइतकं
कोमट.
"ही माझी हीर," त्या म्हणाल्या,
"थंडीत नदीकडं येती.
पावसाळ्यात नदी हिच्याकडं जाती.
माहेर कुनाचं, सासर कुनाचं, मला इचारू नगंस."

मग मी माझेच आकडे नीट वाचले.
ऑगस्टात नदी वर, विहीर खाली:
पाणी काठातून तिरपं आत शिरतं,
मुरुमातून, मांजऱ्या दगडाच्या कुजक्या भोकांतून,
काळ्या पाषाणाशी अडतं,
भेग सापडली तर उतरतं, नाही तर पसरतं.
दोनशे पावलं जायला त्याला दिवाळी उजाडते.
मग उलटं. विहीर वर, नदी खाली,
आणि आभाळात ढगाचा कपटा नसताना नदी चालते
ती या परतफेडीवर.
परतफेड हा शब्द चुकला.
त्या दोघींनी हिशेब ठेवलेलाच नाही. ठेवला तो मी,
फितीने, सेंटिमीटरमध्ये.

तीन वर्षांपूर्वी काँक्रीट आलं.
दोन्ही भिंती, तळसुद्धा, साडेतीनशे मीटर.
पिवळे बाक. जांभूळ ठेवलं,
मुळं भिंतीपलीकडे राहिली.
त्या पावसाळ्यात नदी भरून पळाली,
काठाशी एक शब्द न बोलता मुळेकडे.
पुढच्या जानेवारीत फीत दीड मीटर जास्त सोडावी लागली,
आणि नदीचा तळ असा कोरडा
की झाडूवाली तो झाडत होती.
चांगुणाबाई आता सहाव्या मजल्यावर, मुलाकडे.
टँकर आला की बादल्या मोजतात.
मी भेटायला गेलो की एकच प्रश्न:
"हाय का रं अजून, कोमट?"
बघतो म्हणायचो. बघायला जात नव्हतो.

यंदा पाऊस ऑक्टोबर संपेपर्यंत रेंगाळला.
जानेवारीत गेलो, साडेसहाला.
काँक्रीटच्या दोन पट्ट्यांमध्ये सांधा, सांध्यात बोटभर फट,
फटीतून शेवाळाची हिरवी रेघ.
चपला काढल्या.
पलीकडून पालिकेचा मुकादम ओरडला,
"साहेब, लीकेज आहे ते! सोमवारी भरून घेतो."
कुठून गळतंय, मी विचारलं.
तो भिंतीवर पाइप शोधू लागला,
मग वर, पुलाखाली,
मग माझ्या पायांकडे बघत गप्प झाला.
मीही काही बोललो नाही. सांगायला हवं होतं.

विहीर क्रमांक चौदा. सहा मीटर ऐंशी.
शेऱ्याच्या रकान्यात एक शब्द लिहिला,
खोडला,
परत लिहिला.
हाताला ओल होती, शाई जरा पसरली,
पण वाचता येतं: कोमट.

आज शनिवार आहे.